चाळीस टक्क्यांच्या अलीकडे : नोकरीच्या कायद्यात दिव्यांग कोणाला म्हणायचे?

नवी दिल्ली : नागरी सेवा परीक्षा, २०१८ साठी अर्ज करणाऱ्या एका एमबीबीएस पदवीधराने उत्तरे लिहून घेण्यासाठी लेखनिक मागितला. त्याला ‘रायटर्स क्रॅम्प’ हा मज्जासंस्थेशी संबंधित विकार होता. या विकारात हात एरवी सुरळीत चालतो, पण लेखणी धरली की बोटांचे स्नायू आखडतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाने मागणी फेटाळली. परीक्षेच्या नियमांनुसार लेखनिक फक्त अंध उमेदवारांना आणि ज्यांच्या लिहिण्याच्या हातात किमान ४० टक्के दोष आहे अशा अस्थिव्यंग व मेंदूचा पक्षाघात असलेल्या उमेदवारांना मिळत होता. केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाने आणि पाठोपाठ दिल्ली उच्च न्यायालयाने उमेदवाराच्या विरोधात निकाल दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात असताना अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या (एम्स) वैद्यकीय मंडळाने त्याची तपासणी केली. विकार असल्याचे मंडळाने मान्य केले, मात्र दिव्यांगत्वाचे प्रमाण ठरले अवघे ६ टक्के.

सहा टक्के दिव्यांगत्व असलेली व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने दिव्यांग आहे काय? न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील तीन सदस्यीय पीठाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी ‘विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग’ या निकालात या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे दिले. दिव्यांगांच्या नोकरीविषयक हक्कांची चर्चा तेव्हापासून या निकालाला वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही. ४० टक्क्यांची अट कायद्यात आहे, परंतु ती आरक्षणासारख्या विशेष लाभांसाठी आहे. भेदभावापासूनचे संरक्षण त्या अटीला बांधलेले नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

हा भेद शासकीय कार्यालये, भरती मंडळे आणि काही वेळा न्यायालयांच्याही नजरेतून सुटत आला आहे. त्याची मुळे कायद्याच्या जुन्या मसुद्यात सापडतात.

सात प्रकारांचा कायदा

दिल्लीत जावेद अबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर डिसेंबर १९९५ मध्ये संसदेने अपंग व्यक्ती (समान संधी, हक्कांचे संरक्षण व पूर्ण सहभाग) अधिनियम मंजूर केला आणि ७ फेब्रुवारी १९९६ पासून तो लागू झाला. दिव्यांगत्वाची व्याख्या त्याने सात प्रकारांच्या यादीने केली : अंधत्व, अल्पदृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, श्रवणदोष, अस्थिव्यंग, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. मतिमंदत्व हा त्या कायद्यातील शब्द आज वापरातून गेला असून ‘बौद्धिक दिव्यांगत्व’ हा शब्द रूढ झाला आहे. यांपैकी कोणतेही दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून कमी नसल्याचे वैद्यकीय प्राधिकाऱ्याने प्रमाणित केले, तरच ती ‘अपंग व्यक्ती’ ठरे. यादीत आजाराचे नाव नसेल किंवा प्रमाणपत्रावर ३९ टक्के लिहिलेले असेल, तर बहुतेक दारे बंदच.

तरीही त्या कायद्यात एक फट होती. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला कामावरून काढता येणार नाही किंवा त्याची पदावनती करता येणार नाही, असे कलम ४७ सांगत होते. कर्तव्यावर असताना झालेल्या दुखापतीमुळे पाय गमावलेल्या आणि त्यापायी सेवेतून मुक्त केलेल्या एका हवालदाराच्या प्रकरणात (कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार, २००३) सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ लावला. ‘अपंगत्व’ आणि ‘अपंग व्यक्ती’ या दोन शब्दांच्या व्याख्या कायद्यानेच वेगवेगळ्या केल्या आहेत आणि कलम ४७ सेवेत अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला संरक्षण देते, याकडे न्यायालयाने लक्ष वेधले. टक्केवारी आणि संरक्षण या दोन वेगळ्या बाबी आहेत, या विचाराचे बीज याच निकालात आढळते.

मुंबई उच्च न्यायालयाने तर यादीच्या बाहेरच पाऊल टाकले. ‘रणजित कुमार राजक विरुद्ध भारतीय स्टेट बँक’ या २००९ च्या प्रकरणातील उमेदवारावर मूत्रपिंड प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झालेली होती. मूत्रपिंड प्रत्यारोपण १९९५ च्या सात प्रकारांत बसणारे नव्हते. तरी भारताने २००७ मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराचा आधार घेऊन न्यायालयाने ‘वाजवी समायोजन’ ही संकल्पना घटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये वाचली. देशाच्या कायद्यात हा शब्द येण्यास त्या वेळी सात वर्षे अवकाश होता. वाजवी समायोजन म्हणजे दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने काम करता यावे म्हणून जागा, वेळ, साधने किंवा कार्यपद्धतीत करावयाचे आवश्यक बदल. अट एवढीच की त्यांचा भार संस्थेला न पेलणारा नसावा.

मुंबई उच्च न्यायालयाचा त्याआधीचाही एक निकाल येथे नोंदवायला हवा. एचआयव्हीबाधित असल्याच्या कारणावरून हंगामी कामगाराला कामापासून दूर ठेवता येणार नाही, तो काम करण्यास सक्षम आहे की नाही एवढेच पाहावे लागेल, असे या न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले होते. एचआयव्ही आजही दिव्यांगत्वाच्या यादीत नाही. त्यासाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा असून नोकरीतील भेदभावाला त्यात मनाई आहे.

एका कायद्यात तीन वर्तुळे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. वृत्तांमध्ये त्याचा उल्लेख बहुधा ‘सातऐवजी एकवीस प्रकार मान्य करणारा कायदा’ असा होतो. ते खरे असले, तरी कायद्यातील मोठा बदल यादीच्या लांबीत नाही. तो व्याख्येच्या रचनेत आहे.

कलम २ (ध) मध्ये, म्हणजे इंग्रजी पाठातील खंड ‘एस’ मध्ये, ‘दिव्यांग व्यक्ती’ची व्याख्या आहे. दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियविषयक दोष आणि समाजातील अडथळे यांच्या परस्परक्रियेमुळे ज्या व्यक्तीच्या इतरांच्या बरोबरीने होणाऱ्या पूर्ण व परिणामकारक सहभागात बाधा येते, ती दिव्यांग व्यक्ती, असा तिचा आशय. या वाक्यात टक्केवारी नाही आणि आजारांची यादीही नाही. दोष शरीरात असला तरी दिव्यांगत्व शरीर आणि भोवताल यांच्या गाठीतून निर्माण होते, हा विचार त्यामागे आहे. चाकाच्या खुर्चीवरील लेखापालाच्या कामात त्याचे पाय आड येत नाहीत. आड येतो तो उद्वाहक नसलेल्या इमारतीचा दुसरा मजला.

दुसरे वर्तुळ ‘विनिर्दिष्ट दिव्यांगत्वा’चे. अनुसूचीतील प्रकार ते हेच. १९९५ च्या यादीत नसलेले स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, स्नायूंचा ऱ्हास, बुटकेपणा, आम्लहल्ल्याने आलेले व्यंग, हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकल सेल असे अनेक प्रकार येथे आले. केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे त्यांत भर घालू शकते.

तिसरे आणि सर्वांत आतले वर्तुळ ‘लक्षणीय दिव्यांगत्वा’चे. अनुसूचीतील प्रकार किमान ४० टक्के असल्याचे प्रमाणित झाले, तर व्यक्ती या वर्तुळात येते. जेथे अनुसूचीनेच मोजमाप ठरवून दिले आहे, तेथे टक्केवारीऐवजी त्या मोजमापाची पूर्तता पाहिली जाते. उदाहरणार्थ, प्रौढ व्यक्तीची उंची ४ फूट १० इंच (१४७ सेंटिमीटर) किंवा त्याहून कमी असणे म्हणजे बुटकेपणा. शासकीय नोकऱ्यांतील किमान ४ टक्के आरक्षण (कलम ३४) या तिसऱ्या वर्तुळापुरते आहे.

तेथेही सर्वांना जागा नाही. कलम ३४ मध्ये अंधत्व व अल्पदृष्टी. कर्णबधिरत्व व श्रवणदोष. आणि मेंदूचा पक्षाघात, बरा झालेला कुष्ठरोग, बुटकेपणा, आम्लहल्ला व स्नायूंचा ऱ्हास यांसह अस्थिव्यंग, अशा तीन गटांना प्रत्येकी एक टक्का आहे. चौथा एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि या साऱ्यांपैकी एकाहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांमध्ये वाटलेला आहे. रक्ताच्या तिन्ही आजारांचा यांत कोठेही उल्लेख नाही. त्यामुळे विदर्भातील सिकल सेलग्रस्त तरुणाचे दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून अधिक ठरले, तरी तेवढ्यावर त्याला आरक्षणातील पद मिळत नाही. अनुसूचीत नाव असणे आणि नोकरीत राखीव जागा असणे यांतले हे अंतर प्रमाणपत्र हाती आल्यावरच अनेकांच्या लक्षात येते.

भेदभावाचा प्रश्न मात्र पहिल्या, सर्वांत मोठ्या वर्तुळाचा आहे. कलम ३ नुसार कोणत्याही दिव्यांग व्यक्तीशी दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येणार नाही. केलेली कृती न्याय्य हेतू साधण्याचा प्रमाणशीर मार्ग होती, असे दाखवून दिले तरच अपवाद. बसचालक पदासाठी दृष्टीची अट या अपवादात बसते. कार्यालयात बसून हिशेब तपासणाऱ्या पदासाठी तीच अट टिकणे कठीण. कायद्याच्या व्याख्येत ‘भेदभाव’ या शब्दातच वाजवी समायोजन नाकारण्याचा समावेश आहे. म्हणजे दिव्यांग उमेदवाराला दारातून परत पाठवणे हा जसा भेदभाव, तसाच त्याला कामावर घेऊन पडदा-वाचक सॉफ्टवेअर न देणे हाही.

आकडा कसा ठरतो

टक्केवारीचा आधार किती मर्यादित आहे, हे मोजमापाचे नियम पाहिले की कळते. अनुसूचीनुसार श्रवणदोष मोजताना दोन्ही कानांचा विचार होतो : दोन्ही कानांत ७० डेसिबलची हानी असेल तर कर्णबधिरत्व, ६० ते ७० डेसिबल असेल तर श्रवणदोष. एक कान पूर्ण बंद आणि दुसरा चांगला असलेली व्यक्ती या व्याख्येत येत नाही. अल्पदृष्टीची मोजणी बऱ्या डोळ्यावरून होते. एका डोळ्याची दृष्टी पूर्ण गेलेल्या आणि दुसरा डोळा निर्दोष असलेल्या व्यक्तीला ३० टक्के दिव्यांगत्व धरले जाते. अशा व्यक्तीला आरक्षण मिळत नाही. वैद्यकीय चाचणीत मात्र तीच व्यक्ती कित्येक पदांसाठी ‘अपात्र’ ठरते. आरक्षणापुरती ती निरोगी आणि नियुक्तीपुरती दिव्यांग!

मानसिक आजाराच्या बाबतीत पेच अधिक अवघड आहे. त्याच्या मोजणीसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘आयडियाज’ या भारतीय मापनश्रेणीत स्वतःची काळजी, परस्परसंबंध, संवाद व आकलन यांच्या जोडीने ‘काम’ हाही एक निकष आहे. औषधे घेत, धडपडत नोकरी टिकवून धरणाऱ्याचे गुण साहजिकच कमी भरतात. नोकरी टिकवण्यासाठी ज्याला संरक्षण हवे, त्याचाच आकडा नोकरी टिकवल्यामुळे खाली येतो.

‘रवींद्र कुमार धारीवाल विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात केंद्रीय राखीव पोलिस दलातील अधिकाऱ्याविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई सुरू होती. त्याला मानसिक आजार असून दिव्यांगत्व ४० ते ७० टक्के असल्याचे प्रमाणपत्र होते. १७ डिसेंबर २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही कारवाई रद्द केली. मानसिक दिव्यांगत्व हे गैरवर्तनाचे एकमेव कारण होते, असे कर्मचाऱ्याने सिद्ध करण्याची गरज नाही. ते कारणांपैकी एक असले तरी पुरेसे आहे, असे न्यायालयाने म्हटले. सर्वांना सारखाच लागू होणारा नियम मानसिक आजार असलेल्या व्यक्तीवर अधिक भार टाकत असेल, तर तो अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो, ही या निकालातील महत्त्वाची भर. मात्र कलम २० मध्ये सरकारला काही आस्थापनांना सूट देण्याचा अधिकार आहे आणि ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांतील लढाऊ पदांना ती दिलेली आहे.

आकड्याचा वापर वरची मर्यादा म्हणूनही झाला आहे. तमिळनाडूतील दिवाणी न्यायाधीश पदासाठी अंशतः अंध उमेदवारांचे दिव्यांगत्व ४० ते ५० टक्क्यांच्या आत असावे, असा नियम होता. ७० टक्के दृष्टिदोष असलेला उमेदवार त्यामुळे बाहेर राहिला आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन सदस्यीय पीठाने ती मर्यादा वैध ठरवली. दोन वर्षांनी विकास कुमार निकालाने, वाजवी समायोजनाचा विचारच न केलेला तो निर्णय यापुढे बंधनकारक पूर्वनिर्णय मानता येणार नाही, असे सांगितले. ३ मार्च २०२५ रोजी दृष्टिहीन उमेदवारांना न्यायिक सेवेतून वगळणारा मध्य प्रदेशातील नियमही न्यायालयाने रद्दबातल केला.

अनुसूचीबाहेरच्या दोषांचे काय? ऑक्टोबर २०२३ मधील ‘मोहम्मद इब्राहिम’ प्रकरणात तमिळनाडूच्या वीज कंपनीने सहायक अभियंता पदाच्या उमेदवाराला रंगांधतेमुळे नाकारले होते. रंगांधता एकवीस प्रकारांत नाही. तरी त्या उमेदवाराला योग्य विभागात सामावून घ्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्यात ‘जीवनातील प्रमुख व्यवहारांवर लक्षणीय मर्यादा’ ही कसोटी आहे आणि ज्याला मालक दिव्यांग ‘समजतो’ त्यालाही संरक्षण आहे. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात ‘दीर्घकालीन’ म्हणजे साधारण बारा महिने, असे स्पष्ट केले आहे. भारतीय कायद्याने ‘दीर्घकालीन’ या शब्दाचा कालावधी सांगितलेला नाही. काही महिन्यांनी उलटणारे नैराश्य त्यात येते काय, हे प्रत्येक प्रकरणात नव्याने ठरवावे लागते.

गुरुग्रामची कंपनी, दिल्लीचा कर्मचारी

कायद्यातील सर्वांत मोठी पोकळी खासगी क्षेत्रात आहे. नोकरीतील भेदभावाला मनाई, पदोन्नती नाकारण्यास बंदी आणि सेवेत दिव्यांगत्व आल्यास नोकरीचे संरक्षण देणारे कलम २० हे ‘शासकीय आस्थापनां’ना उद्देशून लिहिलेले आहे. खासगी कंपन्यांसाठी कलम २१ आहे : प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करून आयुक्तांकडे नोंदवावे. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांनी त्या धोरणात कोणत्या सुविधा, कोणती पदे, निवडीची कोणती पद्धत व कोणती सहायक साधने देणार हे लिहावे, असे २०१७ चे नियम सांगतात. कलम ३ मधील सर्वसाधारण मनाईत ‘शासकीय’ हा शब्द नाही, त्यामुळे खासगी कर्मचाऱ्याचा मुख्य आधार ते कलम ठरते. पण आधार असणे आणि दाद मिळणे यांत फरक आहे. शासकीय कर्मचारी रिट याचिका करू शकतो. खासगी कंपनीविरुद्ध तो मार्ग सहसा खुला नसतो.

समजा, पूर्व दिल्लीत राहणारी एक संगणक अभियंता गुरुग्राममधील कंपनीत काम करते, कंपनीचे मुख्यालय नोएडात आहे आणि अपघातानंतर मणक्याच्या दुखण्यामुळे तिला दीर्घकाळ बसणे अशक्य झाले आहे. तिचे दिव्यांगत्व २० टक्के ठरले, म्हणून ‘तुम्ही दिव्यांगांत मोडत नाही’ असे मनुष्यबळ विभाग तिला कळवतो. कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर चूक आहे. उंची कमी-जास्त करता येणारे मेज किंवा आठवड्यातील काही दिवस घरून काम, ही मागणी २० टक्क्यांवरही करता येते. पण तक्रार कोठे करायची? गुरुग्राम हरियाणाच्या राज्य आयुक्तांकडे, नोएडा उत्तर प्रदेशच्या, तर तिचे घर दिल्लीच्या आयुक्तांच्या कक्षेत येते. केंद्र सरकारशी संबंधित तक्रारी मुख्य आयुक्त ऐकतात आणि त्यांचे कार्यालयही दिल्लीतच आहे. शिवाय आयुक्त देतात ती शिफारस असते. संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत त्यावर केलेली कारवाई कळवावी किंवा न स्वीकारल्यास कारणे द्यावीत, एवढीच कायद्याची अपेक्षा. कायद्याचा भंग सिद्ध झाल्यास पहिल्या वेळी दंड १० हजार रुपयांपर्यंत आहे. राजधानी परिक्षेत्रातील मोठ्या कंपनीला ही रक्कम जाणवण्याजोगी नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांगांची नोंद झाली. त्यांत महाराष्ट्रातील सुमारे २९ लाख ६३ हजार आणि दिल्लीतील सुमारे २ लाख ३५ हजार होते. ही मोजणी २०१६ च्या कायद्याआधीची, आठ प्रकारांच्या आधारे झालेली आहे. आजच्या व्यापक व्याख्येत येणारे त्यात पूर्णपणे मोजले गेलेले नाहीत.

विकास कुमार निकालानंतर केंद्राने १० ऑगस्ट २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या, पण लिहिण्यास अडचण येणाऱ्या उमेदवारांना लेखनिक व तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ देण्याची सोय केली. ती अपुरी ठरली. बँक भरतीच्या परीक्षेसंबंधी, २५ टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या अशाच एका उमेदवाराच्या याचिकेवर ३ फेब्रुवारी २०२५ रोजी निकाल देताना (गुलशन कुमार प्रकरण) सर्वोच्च न्यायालयाने या सवलती ४० टक्क्यांच्या अटीविना सर्व दिव्यांग उमेदवारांना देण्याचे आणि मार्गदर्शक तत्त्वांचा फेरविचार करण्याचे निर्देश दिले. दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय ओळखपत्राचे रंग ही वर्गवारी स्वच्छ दाखवतात : ८० टक्के व त्यापुढे निळे, ४० ते ८० टक्क्यांमध्ये पिवळे आणि ४० टक्क्यांच्या खाली पांढरे. पांढरे ओळखपत्र आरक्षणासाठी चालत नाही. कार्यालयाकडे वाजवी समायोजनाचा अर्ज करताना ते जोडता येते.